वहीतला माल

"ओला हाय," मुंजाजी म्हणाला आणि कापसात कोपरापर्यंत घातलेला हात त्यानं झटकन बाहेर ओढला.

सरजाबाई टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होती. तिला वाटलं, मागच्या गाडीविषयी बोलतोय. तिनं वळून पाहिलं, तर मागचा गाडीवाला तिच्याकडंच बघत होता.

"कुणाचा ओला?"

"तुमचाच. आतून ओला लागायलाय. गाडी बाजूला घ्या."

झालं! सेलूच्या त्या जिनिंगमध्ये सकाळी नऊलाच तमाशा उभा राहिला. सरजाबाई म्हणजे कुणी ऐरीगैरी बाई नव्हती. देवगाव फाट्याजवळची सहा एकर जमीन नवऱ्यामागं एकटीनं करणारी, साठीला टेकलेली, आणि जबान अशी की बैल जागच्या जागी उभा राहावा.

"मुंजाजीभाऊ, वीस वर्सं झाली तुमी माझा कापूस बघायलाव. एक डाव तरी ओला निघाला का? दोन दिस माळवदावर पसरून वाळवलाय मी. पाणी मारून माल आणणारी बाई वाटले का तुमाला?"

"मी कुठं म्हणलं पाणी मारलं? दव पडलं आसंल."

"वर ताडपत्री हाय. दव काय तुमच्या डोस्क्यात पडलं का?"

रांगेतले सगळे हसले. मुंजाजी हसला नाही. त्यानं हात पुन्हा कापसात घातला, अगदी तळापर्यंत, आणि बोटांत काटे भरले. गार, ओलं, टोचरं. ओलाच आहे, तो मनाशी म्हणाला. एकतीस वर्षं या हातानं फसवलं नाही, आज कसं फसवेल?

पण सरजाबाई हटेना. शेवटी वजनकाट्यावरचा हरिओम ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. तीन वर्षांपूर्वी शेठनं आणलेलं ते यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं, कारण मुंजाजीचा हात असताना यंत्राला विचारतो कोण! हरिओमनं फडक्यानं ते पुसलं आणि टेम्पोत तीन ठिकाणी खुपसून पाहिलं. साडेसात, आठ, साडेसात. कापूस खडखडीत वाळलेला होता.

सरजाबाईनं आकडे ऐकले. आता ही बाई आवार डोक्यावर घेणार म्हणून सगळे सरसावून उभे राहिले. तर ती मुंजाजीच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तब्येत बरी हाय ना तुमची?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुंजाजीनं खडू घेतला, टेम्पोच्या फाळक्यावर एक नंबरची खूण केली आणि पुढच्या गाडीकडं न जाता नळाकडच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला.

कापसाची प्रत ठरवणारा माणूस म्हणून मुंजाजीचं नाव सेलूपासून मानवतपर्यंत माहीत होतं. गाडीत हात घालायचा, तळातून मूठभर कापूस काढायचा, एका सरकीवरची रुई दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढायची. ओढतानाच त्याला कळायचं, धागा केवढा, त्यात जीव किती, बाईनं पहाटेच्या दवात वेचलाय की उन्हं चढल्यावर. इमान असं की सख्ख्या मेहुण्याचा ओला कापूस त्यानं भर आवारातून परत पाठवला होता. त्यापायी तीन वर्षं सासुरवाडीत त्याला कुणी चहा विचारला नव्हता.

दुपारी जिनिंगच्या मालकानं, बन्सीधर शेठनं, पेढीच्या गादीवर बोलावलं. "मुंजाजीराव, हाताला काय झालंय?"

"काय न्हाई, शेठ. थंडी वाजली."

"मग आठ-पंधरा दिवस घरी राहा. तोवर यंत्र आहेच की."

शेठ वाईट माणूस नव्हता. पण 'यंत्र आहेच की' हे शब्द मुंजाजीच्या मागंमागं पार घरापर्यंत आले.

खरी गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. कापूस ओला नव्हता. तो गार होता, मार्गशीर्षातल्या सकाळी असतो तसा. पाच दिवसांपूर्वी परभणीला चौथी सलाईन लागली होती, आणि त्या औषधाचा गुणच असा की पुढं आठवडाभर गार वस्तूला हात लावला की बोटांत काटे घुसतात. ते काटे त्याला ओलावा वाटले. आणि आठवडा सरला तरी एक बधिरपणा मागं राहायचा, दर सलाईनला थोडा जास्त. काटे आले की ओलं वाटायचं, गेले की काहीच वाटायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या आतड्यातली गाठ काढली. गाठ वाईट निघाली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर सुकेशनीबाईंनी त्याला आणि झुंबरबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, समोर बसवून सगळं सांगितलं होतं. बाई वयानं लहान, पालमची, बोलायला साधी.

"काका, तीन-तीन आठवड्यांनी एक सलाईन, मधे चौदा दिवस गोळ्या. असे आठ डोस. पण आठच्या आठ असेच द्यायचे, असं मी आज ठरवणार नाही. एका अंगाला मानवतं ते दुसऱ्याला मानवत नाही. दर वेळी तुमच्याकडं बघून पुढचं ठरवू. आणि ते ठरवायला मला ही वही लागणार."

वहीत रोज एक आकडा लिहायचा होता. बोटांत मुंग्या नाहीत तर शून्य. येतात आणि जातात तर एक. जात नाहीत, पण कामं होतात, तर दोन. शर्टाची गुंडी लावता येईना की तीन.

आता गंमत बघा. ज्यानं जन्मात एका पोत्याची प्रत खोटी लावली नाही, तो माणूस दुसऱ्या सलाईनपासून स्वतःच्या बोटांची प्रत खोटी लावायला लागला. दोन असताना एक लिहायचा. तिसऱ्या सलाईननंतर गुंडी लागेना, झुंबरबाईची पाठ वळली की दाराशी उजेडात उभा राहून बघत बघत लावायचा, आणि वहीत एक. आवारात त्यानं आयुष्यभर एकच पाहिलं होतं, की मालात खोट दिसली की घेणारा लगेच भाव कापतो. बाईंना खोट दिसली की त्या औषध कापणार. औषध कापलं की आयुष्य कापलं. त्याचा हिशेब एवढा सरळ होता, आणि म्हणूनच तो कुणाला विचारावासाही वाटला नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी झुंबरबाई पाटावर वाती वळायला बसायची. ऑपरेशनच्या दिवशी, आत मुंजाजी आणि बाहेर बाकड्यावर ती, तेव्हा तिनं गावच्या महादेवाला लाखवात बोलली होती. लाख वाती वळून जाळायच्या. पत्र्याचा मोठा डबा निम्मा भरला होता. वळता वळता ती रोज विचारायची, "काय लिवलं आज?" आणि तो म्हणायचा, "एक."

"एकच ना? मग चांगलं."

शेठनं घरी बसवलं त्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा त्यानं वही मिटून बाजूला ठेवली.

"आवो, काय लिवलं?"

"झुंबर, तीन हाय. लय दिसापासून तीनच हाय. मी खोटं लिवायलोय."

तिची बोटं थांबली. मग त्यानं सगळं सांगितलं. सरजाबाईचा कापूस, यंत्र, शेठ, गुंड्या.

झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "म्याडमला सांगितलं तर काय करतील?"

"सलाईन बंद करतील. नुसत्या गोळ्या देतील."

"मग सांगू नका."

"आँ?"

"एकच लिवा. चार ऱ्हायल्या की आता. चार सलाईनी निघून जातील. हात गेले तर जाऊ द्या, मी खाऊ घालीन तुमाला. माणूस ऱ्हायला पायजे."

"आन हात गेल्यावर मी काय ऱ्हातोय गं? दारात बसलेलं गाठोडं?"

"गाठोडं तर गाठोडं! दारात तर दिसंल!" ती ओरडली, आणि वातीचा डबा सरकवून चुलीकडं निघून गेली.

पुढचे पंधरा दिवस मुंजाजीला बसवेना. सकाळी उठून गावाजवळच्या देवगाव फाट्यावर जायचा, चहाचा ग्लास उपरण्यात धरून प्यायचा, जाणाऱ्या एसट्या मोजायचा, परत यायचा. कापसाच्या गाड्या सेलूकडं चाललेल्या दिसल्या की पाठ फिरवून उभा राहायचा. पुन्हा घरी, पुन्हा फाटा. खिशात मूठभर कापूस ठेवला होता. चालता चालता एक सरकी चिमटीत धरायचा, ओढायचा. डोळ्याला दिसायचं की धागा ताणलाय, बोटाला काही म्हणता काही कळायचं नाही. असा जीव वर-खाली व्हायचा त्याचा! कधी वाटायचं, झुंबर बरोबर आहे, जगलो तर पाहिजे. लगेच वाटायचं, जगून त्या आवाराच्या बाहेरनं जायचं आणि आत वळायचं नाही, हे जमणार आहे का आपल्याला? आणि वहीत तो रोज एक लिहीतच होता. पेनसुद्धा आता मुठीत धरावं लागत होतं.

पाचव्या सलाईनच्या दिवशी दोघं देवगाव फाट्यावरून एसटीनं परभणीला गेली. दवाखान्यात सुकेशनीबाईंनी रक्ताचा कागद पाहिला, वही उघडली, पानावरून बोट फिरवलं.

"एक, एक, एक. छान आहे, काका. रक्तही चांगलं आहे. मग आजही पूर्ण डोस देऊ."

झुंबरबाईनं टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला. चांगला जोरात दाबला. नर्स शेजारच्या खोलीत बाटली टांगत होती, ती दारातून दिसत होती.

मुंजाजी उठून उभा राहिला.

"म्याडम, ह्या वहीतला माल खोटा हाय."

"म्हणजे?"

"पाणी मारलेला हाय. दुसऱ्या सलाईनपून तुमाला फसवायलोय मी." त्यानं खिशातला कापूस टेबलावर ठेवला. एक सरकी उचलायला गेला, ती निसटली. पुन्हा गेला, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा बाईंनीच ती उचलून त्याच्या चिमटीत ठेवली. "ह्याच्यावर माझी जिंदगी गेली. एक सरकी ओढली की समदं कळायचं. आता धरलीय का सुटलीय, हेबी कळंना."

सुकेशनीबाईंनी वही मिटली. त्या चिडल्या होत्या, आणि चिडणं लपवायची त्यांची पद्धत नव्हती. "काका, तिसऱ्या वेळीच तुम्ही तीन लिहिलं असतं ना, तर मी तेव्हाच औषध कमी केलं असतं. वही कशाला दिली होती मी? शोभेला?"

"औषध कापताल म्हणून भेव वाटलं."

"अहो, कापते म्हणजे तुमच्यातलं काही काढून घेते का मी? किती द्यायचं, हे बोटांना विचारूनच ठरवायचं होतं." मग खुर्ची पुढं ओढून दोघांच्या समोर बसल्या. "आता नीट ऐका. मावशी, तुम्हीपण ऐका. गाठ ऑपरेशननं काढली. औषध आहे ते कुठं बारीकसं काही राहिलं असेल तर ते मारायला. काकांसारखे शंभर जण धरा. चारवर सलाईन थांबवून नुसत्या गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या शंभरांना आठही सलाईनी दिल्या, तर फरक पडतो तो एक-दोघांना. बाकीच्यांचं जे व्हायचं ते दोन्हीकडं सारखंच होतं."

"ते एक-दोघं कोण?" झुंबरबाईनं विचारलं.

"ते मला कळत नाही, मावशी. कुणालाच कळत नाही."

"आन बोटं?" मुंजाजीनं विचारलं.

"अजून चार दिल्या तर बोटं बहुतेक गेलीच, पायही जातील. आज थांबवलं तर येतील कदाचित. वर्ष लागेल. पुरती येतील असं नाही. आणि थांबवल्यावरही दोन-तीन महिने बधिरपणा आधी वाढतो, मग उतरायला लागतो. माझं म्हणाल, तर मी थांबवीन. पण मावशींना तो एक माणूस महत्त्वाचा वाटत असेल, तर त्यांना मी चूक म्हणणार नाही."

मुंजाजी कापसाकडं बघत बसला. हजारो गाड्यांना त्यानं हो-नाही सांगितलं होतं. पण तिथं तळापर्यंत हात घालता येत होता. या गाडीत कुणालाच हात घालता येत नव्हता, बाईंनासुद्धा नाही. वरूनच बघून सांगायचं होतं.

"नुसत्या गोळ्या द्या," तो म्हणाला.

झुंबरबाई उठली आणि व्हरांड्यात गेली.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मानवत गेलं, सेलू गेलं. फाट्यावर दोघं उतरली, गाडी पुढं निघून गेली, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ती म्हणाली, "त्या शंभरातले ते एक तुमीच निघालाव, तर तुमच्या ह्या बोटांचं मी काय करू? तेवढं सांगा."

मुंजाजीनं तिच्या हातातली औषधांची पिशवी घेतली, आणि ती निसटू नये म्हणून मनगटात अडकवली. दोघं गावाच्या रस्त्याला लागली, ती चार पावलं पुढं आणि तो मागं.

जानेवारी सरत आला तेव्हा तो पुन्हा जिनिंगमध्ये गेला. बाईंनी सांगितल्याप्रमाणं बधिरपणा वाढलाच होता. शर्टाच्या गुंड्या आता झुंबरबाई लावून द्यायची. सरजाबाई शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन आली होती. यंत्र घेऊन पुढं आलेल्या हरिओमला तिनं हातानंच अडवलं.

"मला यंत्र नगं. भाऊ आलेत, भाऊ बघतील."

सगळी रांग बघत होती. मुंजाजीनं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"सरजाबाई, ह्या हाताला आता कळत न्हाई. त्या दिवशी तुमचा कापूस वाळलेलाच व्हता. ओला माझा हात व्हता." तो एवढ्या मोठ्यानं बोलला की काट्यावर ऐकू गेलं. "यंत्र लावू द्या. यंत्र खोटं बोलत न्हाई."

सरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग बाजूला सरकून यंत्राला वाट दिली. "लावा बाबा," ती हरिओमला म्हणाली, "पण आकडा आधी भाऊला दाखवा. खूण त्येच करतील." यंत्रानं सात दाखवले. मुंजाजीनं खडू मुठीत धरून फाळक्यावर एक नंबरची खूण केली. वाकडी आली.

संध्याकाळी घरी झुंबरबाई वाती वळत होती. फाट्यावरच्या त्या दिवसानंतर तिनं वहीचं नाव काढलं नव्हतं, आणि वात एक दिवसही चुकवली नव्हती. मुंजाजी पाटाशेजारी बसला आणि त्यानं जिनिंगमधलं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं समोरच्या ढिगातून एक सरकी उचलली, त्याचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला, आणि अंगठा नि बोट यांच्यामध्ये तिच्यावरची रुई ठेवून वरून आपल्या बोटांनी दाबली.

"ओढा."

त्यानं ओढलं.

"कळालं?"

तो डोळे मिटून बसला. तिला वाटलं, आता हो म्हणेल. तिनं आपली बोटं काढून घेतली होती; आता ती काहीच दाबत नव्हती, ना गुडघा, ना बोट.

"न्हाई," तो म्हणाला.

"वही घ्या मग," झुंबरबाई म्हणाली. "तीन लिवा."

त्यानं कोनाड्यातली वही घेतली, पेन मुठीत धरलं, आणि मोठा तीन काढला. तेवढ्यात तिनं त्याच्या बोटांना चिकटून राहिलेली रुई हळूच सोडवून घेतली, तळहातावर ठेवून एक वात वळली आणि डब्यात टाकली.

"उद्या परत बघू," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.